बडोद्याचं म्युझिक कॉलेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात आमचं घर. सूरसागर तळ्याचा काठ चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे म्युझिक कॉलेजबद्दल काही विचारायचं असलं की नातेवाईक, ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे आमच्याकडे फोन करतात. मी कॉलेजच्या कार्यालयात कामाला नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात तिथं गाणं शिकले, आणि आता माझी भाची तिथं भरतनाट्यम शिकते आहे. इतक्या वर्षांत जे प्रश्न फिरून फिरून आले, त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

म्युझिक कॉलेज म्हणजे नेमकी कोणती संस्था? नाव दर वेळी वेगळं ऐकू येतं.

कागदोपत्री नाव फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, महाराजा सयाजीराव विद्यापीठ. बडोद्यात हे नाव घेऊन पत्ता विचारलात तर चार माणसं विचारात पडतील. रिक्षावाल्याला ‘सूरसागर, म्युझिक कॉलेज’ एवढंच सांगा. माझ्या आजीच्या तोंडी तर शेवटपर्यंत ‘गायनशाळा’ हाच शब्द होता, आणि इतिहासाच्या दृष्टीनं तिचंच बरोबर होतं.

संस्था केव्हा सुरू झाली?

१८८६ मध्ये. तेव्हा सयाजीराव महाराज जेमतेम तेवीस वर्षांचे होते. मालेगावजवळच्या कवळाणे गावातला गोपाळ दत्तक येऊन १८७५ मध्ये गादीवर बसला, ही कथा मराठी घरांत सगळ्यांना माहीत असते. या तरुण राजानं सक्तीचं शिक्षण आणि वाचनालयं आणण्याच्या आधी गाण्याची शाळा काढली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादांच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय चेपायचे आणि ते मनात येईल तेव्हा देतील ते घ्यायचं. उस्तादाच्या घरातला मुलगा नसाल तर बरंच काही कानावरसुद्धा पडत नसे. महाराजांनी त्या विद्येला वर्ग दिला, वेळापत्रक दिलं, परीक्षा आणि फळा दिला. शाळेत जाणारा कारकुनाचा, दुकानदाराचा मुलगा तिथं जाऊन ‘सा’ लावू शकला. या संस्थेबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

पहिले गुरुजी कोण?

उस्ताद मौलाबक्ष. जन्म १८३३चा, मूळ नाव चोले खान. उत्तरेकडचे गवई, पण दक्षिणेत जाऊन तिथलं संगीतही शिकले. म्हैसूर दरबारानं त्यांचा मोठा सन्मान केला होता. दोन्हीकडचं गाणं गळ्यात असलेला माणूस तेव्हा विरळाच.

मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली आणि शाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं छापली. चीज कागदावर उतरवली की ती चोरीला जाते, असं मानणारे गवई त्या वेळी पुष्कळ होते. पन्नाशी ओलांडलेल्या एका नामवंत उस्तादानं आपल्या चिजा छापायला द्याव्यात, याला काय म्हणायचं ते ज्यानं उस्तादांच्या दारात तिष्ठत दिवस काढलेत त्यालाच कळेल. १८९६ मध्ये ते गेले. त्यांचा मुलगा अलाउद्दीन खान याला महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला पाठवलं होतं. तो डॉ. ए. एम. पठाण या नावानं ओळखला जाऊ लागला.

मौलाबक्षांचा नातू म्हणजे हजरत इनायत खान. जन्म ५ जुलै १८८२, बडोद्यातलाच. आजोबांच्या शाळेत शिकला, तिथंच शिकवलं, आणि १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेला. पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचार रुजवणारा संत म्हणून जग त्याला ओळखू लागलं. त्याची मुलगी नूर इनायत खान दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून पॅरिसमध्ये गुप्तपणे काम करत होती. जर्मनांनी तिला पकडलं आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत गोळी घातली. ब्रिटननं तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. सूरसागरच्या काठावरच्या शाळेच्या पहिल्या गुरुजींची ही पणती. मुलांना कॉलेज दाखवायला नेते तेव्हा मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

मग दरबारी गवई आणि गायनशाळा हे एकच होतं का?

वेगवेगळं. दरबारातल्या गायक-वादक-नर्तकांसाठी कलावंत खातं होतं. त्या खात्याचे नियम १८९९ मध्ये मराठीत छापले गेले. कोणी केव्हा हजेरी लावायची, उशीर झाला तर दंड काय, सगळं ठरलेलं. गवयांना ते जड गेलं असणारच. पण दरबारातल्या मोठमोठ्या कलावंतांचा शाळेला फायदा झाला.

हिराबाई बडोदेकर इथं शिकल्या का?

हा प्रश्न पुण्याहून येतो, हमखास. नाही, त्या इथं शिकल्या नाहीत. त्यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेचा. आडनावात बडोदं आलं ते आईवडिलांमुळे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोद्याच्या दरबारात होते. राजघराण्याच्या नात्यातल्या सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांनी बडोदं सोडलं, संसार मिरज-मुंबईकडे थाटला. सुरेशबाबू माने आणि हिराबाई ही त्यांची मुलं. ज्या गावानं आईवडिलांना थारा दिला नाही, त्या गावाचं नाव हिराबाईंनी जन्मभर आपल्या नावापुढे लावलं. आम्हा बडोदेकरांना त्याचा अभिमान वाटतो आणि थोडी रुखरुखही.

गुजरातेत भरतनाट्यम कसं काय आलं?

याचं उत्तर एका लग्नात आहे, आणि लग्न मराठी आहे. जानेवारी १८८० मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं. सासरचं नाव चिमणाबाई. तंजावरात भोसल्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षं होतं, त्यामुळे तिथलं नृत्य मराठी मंडळींच्या घरचंच झालेलं. चिमणाबाईंच्या आहेरात गौराबाई आणि कांतीमती या दोन नर्तकी, त्यांचे नट्टुवनार, म्हणजे ताल धरून नाच शिकवणारे गुरू, आणि वादक असा सगळा ताफा बडोद्याला आला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी हजार मैलांवर नांदायला निघाली आणि आपलं नृत्य बरोबर घेऊन आली! चिमणाबाई १८८५ मध्येच क्षयानं गेल्या. ताफा मात्र इथंच राहिला आणि दरबारात ‘तंजोरी नाच’ म्हणून नावारूपाला आला. त्यांच्या नाचात पतंग उडवण्याचा एक खास प्रकार होता. उत्तरायणाला ज्या गावात आभाळ दिसत नाही, त्या गावाला तो किती आवडला असेल!

कांतीमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर. आडनाव पाहा, अस्सल मराठी वळणाचं. ते पुढे याच कॉलेजात भरतनाट्यम शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखालून पिढ्या तयार झाल्या. नंतर चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेच्या परंपरेतल्या अंजली मेढ आल्या, सी. व्ही. चंद्रशेखर आले. चंद्रशेखर सरांना २०११ मध्ये पद्मभूषण मिळालं. कथक सुंदरलाल गंगाणींनी रुजवलं.

भाचीच्या वर्गाबाहेर मी कितीदा थांबले आहे. गुरू खाली बसलेल्या, हातात लाकडी दांडकं, समोर लाकडाचा ठोकळा. त्यावर ठोका पडला की बारा मुलींचे चोवीस पाय एका क्षणी जमिनीवर येतात. गुडघ्यापर्यंतची सुती साडी, खाली पायजमा, अर्ध्या बैठकीत वाकलेल्या मांड्या थरथरत असतात. ‘तै या तै’ तीन वेगांत. एकीचा पाय अर्धी मात्रा मागे पडला तर ठोका थांबतो. गुरू मान वर न करता म्हणतात, ‘फरीथी.’ पुन्हा.

१९१६ ची संगीत परिषद म्हणजे काय?

पहिली अखिल भारतीय संगीत परिषद मार्च १९१६ मध्ये बडोद्यात भरली. कल्पना पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची, पाठबळ सयाजीराव महाराजांचं. निरनिराळ्या दरबारांतले उस्ताद आणि शास्त्र जाणणारी मंडळी एका मांडवात आली. श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, किती, कुठल्या, त्या पेटीवर वाजवता येतात का, यावर कडाक्याची चर्चा झाली. एकाच रागाची दोन घराण्यांतली रूपं शेजारी ठेवून बोलायचं, ही सवय आपल्याकडे तिथून लागली. पुढे गायनशाळेच्या अभ्यासक्रमावरही भातखंड्यांच्या विचाराचा ठसा उमटला.

फैय्याज खाँसाहेब कॉलेजात शिकवत होते का?

ते मूळ दरबारी गायक. आग्रा घराण्याचे. म्हैसूर दरबारानं ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी दिलेले, ‘प्रेमपिया’ या नावानं बंदिशी बांधणारे. तरुणपणी बडोद्यात आले आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी इथंच गेले. त्यांची कबर बडोद्यात आहे. कॉलेजातल्या गायकीवर त्यांचा आणि त्यांचे मेहुणे अता हुसेन खाँ यांचा प्रभाव इतका खोल आहे, की जुने लोक नोम्-तोम् अशा अक्षरांतल्या आलापाची पहिली दोन वाक्यं ऐकूनच ‘आपल्याकडचा दिसतो’ असं म्हणतात.

श्रीकृष्ण रातंजनकर भातखंड्यांच्या सांगण्यावरून बडोद्याला आले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर खाँसाहेबांकडे शिकले. पुढे लखनौच्या मॅरिस या संगीत कॉलेजची धुरा त्यांनी वर्षानुवर्षं वाहिली. एका संस्थानानं दिलेली शिष्यवृत्ती किती लांब पोहोचते, ते बघा.

नाटकाचं काय? बडोद्याची मराठी रंगभूमी या कॉलेजातून निघाली का?

मराठी रंगभूमी कॉलेजाच्या कितीतरी आधीपासून इथं होती. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोदा सरकारचा आश्रय होता. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी झाला, तो बडोद्यातच. गडकरी त्याच्या आधी महिनाभर, २३ जानेवारीला, गेले होते. बालगंधर्वांची सिंधू पहिल्यांदा पाहिली ती बडोद्याच्या प्रेक्षकांनी, आणि नाटककाराला मात्र ती पाहता आली नाही.

कॉलेजातला नाट्यविभाग स्वातंत्र्यानंतरचा. जशवंत ठाकर, मार्कंड भट्ट यांच्यासारख्यांनी तो उभा केला. तिथलं काम मुख्यतः गुजराती आणि हिंदीत चालतं, पण शिकणाऱ्यांत मराठी मुलं कायम असतात. प्रकाशयोजना, रंगभूषा, नेपथ्य हे सगळं हातानं करून शिकवतात, म्हणून हौशी मराठी नाटकवाल्यांना या मुलांचा मोठा आधार असतो. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं येतात ती ज्युबिली बागेजवळच्या गांधी नगरगृहात किंवा अकोट्याच्या सयाजीराव नगरगृहात.

विद्यापीठाशी केव्हा जोडलं गेलं?

१९४९ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हाच. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. नाच-गाणं हा पदवीचा विषय होऊ शकतो, हे त्या वेळी भल्याभल्यांना पटत नव्हतं. नृत्याची विद्यापीठीय पदवी सुरू करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या ठिकाणांत बडोदं आहे. त्यानंतर प्राचार्य म्हणून आर. सी. मेहता सर आले आणि गाण्याबरोबर गाण्याचा अभ्यास, म्हणजे संगीतशास्त्र आणि संशोधन, इथं रुळलं. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. तबल्याला अजराडा घराण्याचे सुधीरकुमार सक्सेना होते. बडोद्याच्या गल्लीगल्लीत आज जो अजराड्याचा आडलयीचा कायदा, म्हणजे तबल्यावरची बांधीव रचना, ऐकू येतो, तो त्यांच्यामुळे.

आज काय काय शिकता येतं?

कंठसंगीत, सतार आणि व्हायोलिनसारखी वाद्यं, तबला, भरतनाट्यम, कथक आणि नाट्य. पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. अशा पायऱ्या आहेत. प्रवेशाच्या तारखा, शुल्क आणि वयाची अट अभ्यासक्रमागणिक वेगळी असते आणि बदलतेही. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा कॉलेजच्या कार्यालयातच विचारा, माझ्यासारख्यांच्या आठवणीवर विसंबू नका.

घरात कोणी गाणारं नाही. मुलाला घेतील का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि विचारताना आयांचा आवाज खाली येतो. आमच्याही घरात कोणी गाणारं नव्हतं. वडील कोठीतल्या सरकारी कचेरीत, आई घरी. मला घेतलं.

सुरुवातीला सूर आणि लय यांची चाचपणी करतात. एक स्वर देतात, त्यात मिळवायला सांगतात. टाळ्यांचा एखादा साचा परत वाजवायला सांगतात. नृत्याला शरीराची ठेवण आणि ताल पाहतात. मूल घाबरलं म्हणून कोणी हाकलून देत नाही. पण एक सांगते, टीव्हीवरच्या स्पर्धेतली गाणी पाठ करून नेऊ नका. सरळ ‘सा’ लावता आला तर त्याचं मोल जास्त.

नोकरी करून शिकता येतं? वय वाढलं आहे.

येतं. मी तशीच शिकले. सहाला कचेरी सुटली की सायकल, न्यायमंदिराचा गजबजाट ओलांडून सूरसागर, आणि वर्गात शिरलं की आधी दहा मिनिटं तंबोरा. आमच्या वर्गात बँकेतले एक काका होते, अकरावीतली एक मुलगी होती, आणि खंडेराव मार्केटात गाळा असलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या बोटांना कायम आल्याचा वास यायचा.

पहिले कित्येक महिने नुसते अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, आणि भूप राग. मी कंटाळले होते, खोटं कशाला बोलू? एकदा सरांनी माझ्या हातातून तंबोरा घेतला. तारेखालचा, जवारीचा सुती दोरा नखानं केसभर पुढे सरकवला, तार छेडली. आवाज फुलला. पुन्हा सरकवला, आवाज मिटला. ‘ऐक,’ एवढंच म्हणाले आणि तंबोरा परत दिला. त्या संध्याकाळी मी एकही अलंकार म्हटला नाही, नुसती तार छेडत बसले आणि षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो तो पहिल्यांदा माझ्या कानाला सापडला. त्यानंतर कंटाळा आला नाही.

शिकवण्याची भाषा कोणती? मराठी मुलाला अडचण येते का?

बोलणं गुजराती-हिंदी मिळून, लेखी काम अभ्यासक्रमाप्रमाणे, बंदिशी बहुतेक ब्रजभाषेत. फळ्यावर स्वर देवनागरीत, खाली मात्रांच्या रेघा, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली, खालीला शून्य. एवढं वाचता आलं की भाषेची भीती राहत नाही. बडोद्यातल्या मराठी मुलांना तशीही दोन्ही भाषा रस्त्यावरच येतात. महाराष्ट्रातून नव्यानं येणाऱ्यांना महिना-दोन महिने जड जातात, इतकंच. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करून ठेवा.

कार्यक्रम बाहेरच्यांना ऐकता येतात का?

पुष्कळदा येतात. विद्यार्थ्यांची सादरीकरणं, नाट्यविभागाचे प्रयोग, बाहेरून आलेल्या कलावंतांची व्याख्यान-प्रात्यक्षिकं होत असतात. माझा सल्ला असा, की नावाजलेल्यांच्या मैफलीला गर्दी होतेच, तुम्ही विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला जा. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा विलंबित ख्याल मांडताना समेवर येतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या गुरूंकडे अर्धा क्षण बघतो. ते ऐकायला आणि बघायला समोर माणसं हवीत.

मोबाइल बंद ठेवा. लहान मुलं आणली तर दाराजवळ बसा, म्हणजे मध्येच उठता येईल. रागाच्या मध्यावर उठू नका, दोन रागांच्या मध्ये उठा.

फाइन आर्ट्स फॅकल्टी हीच का?

नाही. ती चित्र-शिल्पाची, १९५० मध्ये सुरू झालेली आणि वेगळ्या जागी, सयाजीगंज बाजूला. दोन्ही नावांत ‘आर्ट्स’ असल्यामुळे घोटाळा होतो. एकदा भाचीची मैत्रीण घुंगरू घेऊन तिकडे जाऊन बसली होती.

पोहोचायचं कसं?

बडोदा स्टेशनवरून रिक्षानं सूरसागर. तळ्याच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती दिसली की उतरा. गाडी आणू नका. न्यायमंदिराच्या परिसरात गाडी लावायला जागा मिळणं संध्याकाळी फार कठीण असतं. वेळ असेल तर तळ्याभोवती एक फेरी मारा. जुन्या लोकांच्या तोंडी याचं नाव चंदन तलाव असंही यायचं.

पहिल्या दिवशी काय घेऊन जायचं?

गाण्याला एक जाड लांब वही आणि पेन्सिल. पेन नको, स्वर खोडावे लागतात. नृत्याला गुरू सांगतील तशी साडी नाहीतर सलवार-कमीज आणि ओढणी. घुंगरू इतक्यात विकत घेऊ नका, ते केव्हा बांधायचे ते गुरू ठरवतात. तबल्याला थोडी पावडर आणि कापलेली नखं. पोटभर जेवून जाऊ नका, पण उपाशीही नको. परतताना शेव-उसळ खायची असेल तर शिकणं झाल्यावर. तिखटानं घसा बसला की दुसऱ्या दिवशी सरांना लगेच कळतं.